बोनेटवरचं कुंकू

बाबा, तुमची पांढरी अँबेसेडर अजून दारात, कडुलिंबाखाली उभी असते. रोज नेत नाही, पण चालते. पुढच्या महिन्यात तुमच्या नातीचं लग्न आहे, आणि सासरी जाताना तिला याच गाडीत बसायचं आहे. अट एवढीच की गाडी चमकली पाहिजे. म्हणून सध्या मी मेणाच्या मागे लागलो आहे. गाडीच्या रंगावर लावतात ते मेण, वॅक्स. त्यात इतके प्रकार असतात हे या वयात कळलं, आणि शेतातून आलो की आता तेच वाचत बसतो.

डोणगाव-मेहकर सवाऱ्या मारायचात तेव्हाचं आठवतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही जुनी बनियन डिझेलमध्ये बुडवून अख्खी गाडी पुसत आहात. मी म्हणतो, "बाबा, वरखडे गेले की सगळे!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "गेले नाई बाप्पा, दडले. उद्या धूळ बसू दे, मंग पाहाय." दुसऱ्या दिवशी डोणगावला पोचेपर्यंत धूळ नेमकी वरखड्यांमध्येच बसलेली असे. आता समजलं की भरणारं मेणही तेच करतं. वरखड्याची चरी भरून टाकतं, उजेड तिथे अडत नाही, म्हणून डोळ्याला दिसत नाही. चार वेळा गाडी धुतली की चरी पुन्हा उघडी. एक मेण कुठल्याशा ताडाच्या पानांवरून निघतं. त्याने रंगाला ओलसर झाक येते, पण आपल्या उन्हाळ्यात ते फार टिकत नाही. कारखान्यात बनवलेलं एक असतं, ते काही लपवत नाही आणि काही बरंही करत नाही. रंग आहे तसा ऊन-पाण्यापासून राखतं. आणि एकात बारीक कणी असते. वरखडा खरोखर घालवतं ते हेच. पण कसं, तर आजूबाजूचा रंग घासून वरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे खरी दुरुस्ती करणारं मेण रंग घेऊन जातं, आणि दडवणारं काहीच नेत नाही. शनिवारी मारुतीला शेंदूर वाहताना हेच मनात घोळत होतं. इतक्या पिढ्यांच्या शेंदराखाली मूळ दगडाचं नाक कसं असेल कोण जाणे, पण ते पाहायला शेंदूर खरवडावा असं कोणाला वाटत नाही.

इतका विचार करायचं कारण बोनेटवर आहे. तुमच्या शेवटच्या दसऱ्याला मी झेंडू आणायला साखरखेर्ड्याच्या बाजारात गेलो होतो. परत आलो तर गाडीची पूजा झालेली, बोनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक. त्यानंतर तुम्ही अंथरुणाला खिळलात, गाडी धुवायचं कोणाला सुचलं नाही, आणि कुंकू रंगात मुरलं. पुढे कितीदा धुतली, गुलाबी स्वस्तिक आणि त्यातले चार ठिपके तसेच राहिले. बोटाची जाडीसुद्धा कळते. तुमचं बोट म्हणून मी इतकी वर्षं तिथे फडकं हलक्या हातानेच फिरवलं.

मेहकरचा पेंटर माझ्या वर्गातला. गाडी पाहून म्हणाला, "काबे, विकाची हाय का?"

"नाई बे, पोरीचं लग्न हाय."

"मंग कणीचं मेन लावून मारू दे मशीन. आरसा करून देतो. थो डाग बी जाईन."

पोरीचंही तेच. "बाबा, फोटोत कसं दिसन ते गुलाबी गुलाबी?"

मी पेंटरकडून कणीचं मेण थोडं मागून आणलं आणि घरी एका ठिपक्यावर घासून पाहिलं. फडक्यावर आधी गुलाबी उतरलं, मग पांढरं. ठिपका गेला. फडकं तसंच हातात धरून ओसरीवर आलो. आई तूर निवडत होती. तिला म्हटलं, "आई, बाबांच्या हातचा एक ठिपका पुसला म्या."

तिने सुपातून नजरही काढली नाही. "थे तुह्या बाबानं काढलंच नाई. त्यायचा हात लय कापे त्या साली. म्हणे, तूच काढ. म्या काढलं."

मग म्हणाली, "डाग हाय थो. पुसून टाक नं बाप्पा, पोरीचं लगन हाय. काऊन जपून राह्यला?"

बाबा, मी पुसला नाही. नुसतं राखणारं ते मेण आणलं आणि काल सकाळी गाडीला लावलं. वरखडे आहेत तसे दिसतात, स्वस्तिक आहे तसं दिसतं, त्यातले तीन ठिपकेही. पोरीला आजीचं बोट दाखवलं तेव्हा तिने ते आपल्या बोटाने एकदा गिरवलं, आणि फोटोपुरती त्यावर फुलं ठेवू म्हणाली.

हे पत्र तुम्हाला लिहायला बसलो, पण ते तुमचं नाही हे अर्ध्यावरच लक्षात आलं. ज्या हाताचं आहे तो हात आत भाकरी थापतो आहे. तिला वाचता येत नाही, आणि असं काही तोंडावर बोलायची आपल्या घरात कधी सवय नव्हती. तुमच्याशी बोलणं मला सोपं जातं, कारण तुम्ही उत्तर देत नाही.