ताईच्या मखरांचा सर्व्हर

मुलुंड, १२ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन महिने तुझे फोन टाळले, माफ कर. आताही फोनच करणार होतो. पण तू ‘जाऊ दे रे’ म्हणून मला सोडून देशील, म्हणून लिहितोय.

मार्चमध्ये तू पुठ्ठ्याची मखरं ऑनलाइन विकायची ठरवलीस आणि वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर ठेवू, असं मला विचारलंस. मी आमच्याच कंपनीचा स्वस्त शेअर्ड सर्व्हर घ्यायला लावला. त्यात एकाच मशीनवर शेकडो दुकानं असतात. एकाकडे गर्दी झाली की सगळी अडकतात. तुझं गिऱ्हाईक गणपतीआधीच्या पंधरवड्यात एकदम येणार, आणि नेमकं त्याच दिवसांत आमचं मशीन गेल्या वर्षी दोनदा बंद पडलं होतं. हे मला ठाऊक होतं. तुला हवी होती गर्दीत वाढवता येणारी स्वतंत्र जागा, रोजच्या बॅकअपसह. ती आमच्याकडे नाहीच. माझं टार्गेट एका ग्राहकावर अडलं होतं, तो ग्राहक तू झालीस. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला रोज सांगतो. तू विचारलं नाहीस तेवढंच सांगितलं नाही.

गणपती सप्टेंबरात आहेत. तुझी साइट मी स्वतः चांगल्या ठिकाणी हलवून देतो. तुझ्या शब्दावर आमच्याकडे आलेल्या लविनाबाईंना मात्र इथून निघायला तूच काहीतरी कारण सांग. माझं नाव नको. भावोजींनाही एवढ्यात कळू देऊ नकोस.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

सुबोध

चारकोप, १६ जुलै

चि. सुबोधास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नोकरीत माणूस असाच अडकतो म्हणाले आणि चहा मागितला. मला राग आला, तो अजून आहे.

माझं मी बघेन. साइट बंद पडली तर मखरं व्हॉट्सअॅपवर विकेन. लविनाचं काय? गावठाणातल्या घरात बसून ईस्ट इंडियनांचा बॉटल मसाला करते आणि साइटवरून विकते, त्यावर तिचं घर चालतं. ती आधी ज्या सर्व्हरवर होती, तो तू आता चांगला म्हणतोस तसलाच होता. माझा भाऊ ह्याच धंद्यात आहे, डोळे मिटून ये, असं मीच तिला म्हटलं. साइट तुमच्याकडे आणून झाली. जुना सर्व्हर ती वीस तारखेला संध्याकाळी बंद करतेय. परत तिकडे जायचं तर तोवरच सोपं आहे ना?

आणि मी काहीतरी कारण सांगू? का रे? शब्द मी दिला तो तुझ्या जिवावर. नंबर पाठीमागे लिहिलाय. बाई तिखट आहे, चार शब्द ऐकवेल. ऐक.

रविवारी जेवायला ये. तुझ्या आवडीचं काही करणार नाहीये.

ताई

मुलुंड, १९ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. लविनाबाईंचा नंबर दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. साहेबांना कळलं तर ग्राहक पळवतो म्हणून मला काढतील, ही भीती आहेच. पण खरं सांगू? तुला लिहिताना तू बहीण आहेस, याचा आधार होता. त्या बाई माझ्या कोणी नाहीत. आधी का नाही सांगितलंत, असं विचारतील, आणि माझ्याकडे टार्गेट एवढंच उत्तर आहे. तेच देईन.

रविवारी येतो. राग संपवून ठेवू नकोस.

सुबोध

ता. क. उद्याचं काम: ऑफिसात शिरण्याआधी लविनाबाईंना फोन करून सांगणं, जुना सर्व्हर बंद करू नका, आणि का ते.