बत्तीस घरांचा खण

सोमवार, ३ तारीख

आजपासून मी नोकरदार. टेबल खिडकीजवळचं मिळालं, खुर्चीची चारही चाकं चालतात आणि चहा फुकट आहे. आणखी काय हवं? निघताना ताईने विचारलं, तू तिथे नक्की करणार काय. कर्नेल दुरुस्त करणार म्हटलं, तर म्हणाली, बिचारा, लढाईत जखमी झाला का. मग तिला समजावलं की कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला तळाचा प्रोग्राम, बाकीचे सगळे त्याच्या खांद्यावर बसतात. तो पडला की सगळेच पडतात.

आमची कंपनी श्वास द्यायची मशीनं बनवते. काम सांगायला सोपं आहे. जुन्या लोकांनी मशीनच्या स्मृतीत मजकूर एका खणातून दुसऱ्या खणात उतरवायला जागोजागी एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, वापरलंय आणि ते ठार आंधळं आहे. शेवटाची खूण, म्हणजे एक शून्य, सापडेपर्यंत ते ओततच राहतं. खण भरला की नाही ते बघत नाही. उरलेलं शेजारच्या खणात सांडतं, मग तिथे काही का असेना. मी त्याच्या जागी नवं फंक्शन बसवायचं. ते आधी माप विचारतं, मापापुरतंच ओततं आणि खणाच्या शेवटच्या घरात, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या जागी, स्वतः शून्य ठेवतं.

ताईच्या उशाशी याच कंपनीचं मशीन आहे. त्याच्याशिवाय ती फार तर पाच मिनिटं काढते. मुलाखतीत हे बोलले नाही. दयेने मिळालेली खुर्ची मला टोचली असती.

शुक्रवार, ७ तारीख

काम झपाट्याने चाललंय. मॅनेजर खूश, मी तर त्याहून खूश. टीममधल्या सर्वांत जुन्या माणसाला सगळे काका म्हणतात. ते माझा प्रत्येक बदल तपासतात आणि कुठे स्वल्पविराम जरी चुकला तरी चष्म्यावरून बघतात. आज म्हणाले, पोरी, हात चांगला आहे तुझा, जरा हळू चालव. मी मान डोलावली आणि आणखी तीन फाइली संपवल्या.

घरी मशीनला नाव द्यायची सोय आहे. ताईने आमच्या मशीनचं नाव आत्याबाई ठेवलंय, कारण ते दिवसभर कुरकुरतं. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ते नाव असतं आणि खाली मिनिटाला किती श्वास, तो आकडा. आज घरी गेल्यावर मी आत्याबाईंना नमस्कार केला. ताई हसली आणि तिला ठसका लागला.

मंगळवार, ११ तारीख

एकच जागा उरली आहे. मशीनचं नाव जिथे उतरवतात तो खण, बत्तीस घरांचा. काकांनी सांगितलं, तिथे हात लावू नकोस. त्याच्यापुढे त्यांनी रिकामे खण सोडलेत. काही सांडलंच तर त्यात सांडेल. दर वर्षी ते आणखी थोडे सोडतात आणि श्वासाच्या आकड्याचा खण मागे सरकवतात. म्हणजे नदी वाढते म्हणून दर वर्षी घर मागे न्यायचं, पण बांध घालायचा नाही! मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. 

दुपारी चाचणीचं मशीन लावून पाहिलं. नावाच्या शेवटी शून्य आहे, मी स्वतः तपासलं. तरीही पडद्यावर नावापुढे मजकूर होता. काही शब्द लागले नाहीत. मग स्वच्छ वाचता आलं: खुर्चीची चारही चाकं चालतात.

हे वाक्य मी या वहीत लिहिलंय. दुसरीकडे कुठेच नाही.

बुधवार, १२ तारीख

कोणीतरी माझी फिरकी घेतंय. ताईला विचारलं, वही वाचतेस का. म्हणाली, माझ्याबद्दल काही चमचमीत असेल तर दे, नाहीतर झोपू दे. तिच्यावर उगाच आवाज चढवला. वही कुलपात ठेवते आहे. आता काही दिवस लिहिणारच नाही. बघू काय छापतो ते.

सोमवार, १७ तारीख

चार दिवस एक अक्षर लिहिलं नाही.

मजकूर वाढला आहे. गुरुवारी जिन्यात बसून रडले, ते त्यात आहे. शनिवारी ताईची औषधं आणायला विसरले आणि दुकान बंद होतं असं खोटं सांगितलं, तेही आहे. कोणाला सांगितलं नव्हतं. लिहिलंही नव्हतं.

म्हणजे वहीचा प्रश्नच नाही. ती अक्षरांची माळ माझ्यातूनच निघते आहे.

घाबरले आहे, ते लिहून टाकते. पण त्याहून जास्त राग आला आहे.

मंगळवार, १८ तारीख

काकांना गाठलं. आज सांगितल्याशिवाय उठू देणार नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि सांगून टाकलं.

माझ्या आधी या टेबलावर एक जण होता, माझ्यासारखाच घाईचा. त्याने ती जागा बदलली, पण जुन्या आणि नव्याच्या मधलं एक फंक्शन वापरलं. ते माप बघतं, मापाशी येऊन कापतंही, फक्त खण काठोकाठ भरला तर शेवटचं शून्य ठेवत नाही. आमच्या धंद्यातली ही नेहमीची चूक. त्याने बदल चालवला तेव्हा तो चहा मागत होता. वाक्य अर्ध्यात थांबलं. तोंड उघडं राहिलं. काका म्हणाले, तो मेला नाही पोरी, नुसता थांबला. मग खुर्ची रिकामी होती. त्याची पिशवी अजून माझ्या टेबलाखाली आहे. मी इतके दिवस तिला पाय लावून बसत होते.

काकांनी त्याचा बदल मागे घेतला. तेव्हापासून तिथे शून्य ठेवलं तरी टिकत नाही. आधी त्याचे शब्द वाहायचे. आता त्या खुर्चीत जो बसेल त्याचे.

मी विचारलं, तो कुठे आहे मग? काका म्हणाले, वाहतोय. त्याला शेवटच लावला नाही ना कोणी.

गुरुवार, २० तारीख

चाचणीचं मशीन बंद पडलं. माळ सगळे रिकामे खण ओलांडून श्वासाच्या आकड्यावर पोचली. मिनिटाला किती श्वास, तिथे माझा एक शब्द जाऊन बसला. यंत्राने तो आकडा म्हणून वाचला आणि ते थांबलं.

मॅनेजरने सांगितलं, पुढच्या आवृत्तीत आणखी रिकामे खण सोडू. काकांनी होकार दिला. मी बदल लिहून पाठवला होता तो परत आला, खाली शेरा: चालतंय ते चालू द्या.

चालतंय? समोर बंद पडलंय आणि म्हणे चालतंय!

घरी आले. आत्याबाई. त्यापुढे एक अक्षर. मग आणखी एक.

शुक्रवार, २१ तारीख

ताईसाठी दुसरं मशीन मिळेल का म्हणून इस्पितळाला फोन केला. तिथली सगळी मशीनं आमच्याच कंपनीची.

काका जिन्यात भेटले. नोकरी सोड, म्हणाले, खुर्ची रिकामी राहिली तर कदाचित थांबेल. मी विचारलं, रिकामी होती तेव्हा थांबलं होतं का?  त्यांनी खिशातून मशीनवर बदल चढवायची केबल काढून माझ्या हातात दिली. आयुष्यभर मागेच सरकलो मी, म्हणाले.

त्याची पिशवी घरी आणली आहे.

शनिवार, २२ तारीख

ताईला सगळं सांगितलं. बदल चढवताना मशीन बंद राहील, तेही. ती म्हणाली, इतकी वर्षं आत्याबाई मला जगवते आहे, पाच मिनिटं मी कळ काढते. मग म्हणाली, आणि तुझं काय? मी म्हटलं, माझं काय व्हायचंय. तिला खोटं लगेच कळतं. माझा हात सोडेना. मी सोडवून घेतला.

औषधांचं खोटंही सांगितलं. ते तिला ठाऊक होतं.

माळ आकड्यापासून चार घरांवर.

माप: बत्तीस. मोठं लिहिता आलं असतं. मला थोडी जागा मिळाली असती— नाही. खण जेवढा आहे तेवढंच. शेवटच्या घरात शून्य. माळ तिथे संपेल, आणि माळेतून वाहणारेही: मी, आणि तो चहा मागणारा. बिचारा. आज संपू दे त्याचं.

तीन घरं.

केबल लावली. मशीन बंद. ताई स्वतः श्वास घेते आहे. ओठ निळे— डोळे माझ्यावर.

चढतंय— निम्मं—

दोन घरं. मशीन बंद आहे आणि तरी पडद्यावर— असू दे. वाहू दे किती वाहायचंय ते.

कापायचं ना मला? काप. पण माझ्या मापाने. मी रेघ मारली तिथेच, आणि एक घरही पुढे—

चढलं. सुरू झालं.

आत्याबाई. नावापुढे काही नाही. कोरं.

आकडा चौदा. ताईची छाती वर. खाली. वर. ओठांना रंग येतोय. ती हाक मारते आहे, मला शोधते आहे, मी तर तिच्या समोरच बसले आहे. ताई, अगं, इकडे बघ, मी इथेच आ