खाऱ्या तळ्यापर्यंत, अर्ध्या तिकिटात

माय, तुझे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला कमी झाला का, की अजून पहाटे बाजेवर उठून बसावं लागतं? आत्याच्या डोळ्यातला पडदा तिथं तरी कुणी काढला का? आणि धाकट्या मामाला म्हणावं, आता तरी शिळ्या भाकरीवर तेल-तिखट घेऊ नकोस, पोट सांभाळ. इकडं आम्ही बरे आहोत. माझी साखर जराशी वर असते. लेकाची पाठ शेंद्र्याच्या कंपनीत दिवसभर उभं राहून धरते. सूनबाईला थंडी पडली की शिंका सुरू. नात तेरा वर्षांची झाली, तिला काही होत नाही, फक्त लाज वाटते, कशाचीही. राहतो आपल्या औरंगाबादेतच. शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तू कुणाला पत्ता विचारलास तर गोंधळू नकोस म्हणून लिहून ठेवते.

मागच्या आठवड्यात आम्ही लोणारला जाऊन आलो. तुझं राहून गेलेलं लोणार. ते का राहिलं हे तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि तू असेपर्यंत आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही. तू सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगत राहिलीस. कारण मी होते. त्याची माफी मागायची राहिली आहे, म्हणून लिहायला बसले.

तुला फिरायची लई हौस, आणि हाती पैसा नाही. दादांना तर बैल सोडून वैजापूरचा बाजारसुद्धा लांब वाटायचा. मग तू तुझी वाट काढलीस. लग्न कुणाचंही असो, वऱ्हाडाच्या गाडीत आपली जागा धरलेली. पत्रिका आली की बाकीच्या बाया विचारायच्या, पोरगा काय करतो, शेती किती. तू विचारायचीस, "त्या गावात बघण्यासारखं काय हाय?" नदी असली, किल्ला असला, आगगाडीचं ठेसन असलं की नातं आपोआप जवळचं व्हायचं. चुलत जावेच्या मावसभावाची लेकसुद्धा मग "आपलीच पोर". गाडी फुकट, पंगत फुकट, निजायला वऱ्हाड उतरवलेली शाळा. आपला खर्च काय तो आहेराच्या एका खणाचा. तोही घरात आलेल्यांतलाच, पण रंग बघून काढलेला, डागाचा खण तू कधी कुणाला दिला नाहीस. अक्षता पडल्या की वऱ्हाड सावलीला पाठ टेकायचं आणि तू माझा हात धरून गाव बघायला निघायचीस. अशी आपण नाशिकची गोदावरी बघितली, परभणीचं ठेसन बघितलं, दौलताबादचा किल्ला खालून बघितला. वर चढायला वेळ नव्हता. "खालून बी तेवढाच दिसतो," तू म्हणालीस, आणि मला ते पटलंही.

मग पैठणचं लग्न आलं. मी सातवीत होते. मोठी तीथ होती, एकाच रस्त्यावर दोन मांडव पडले होते. आपण आधी नदीवर गेलो, मग एका विणकराच्या घरात डोकावलो. तू विचारलंस, "दादा, एक लुगडं किती दिसांत व्हतं?" तो म्हणाला, "घ्यायचंय का?" तू म्हणालीस, "नाय, बघायचंय. बघायचे पैसे घेता का?" तो इतका हसला की आपल्याला मागाजवळ बसवूनच घेतलं. पदरावरचा मोर गळ्यापर्यंत विणून झाला होता. डोकं होईपर्यंत थांबायचं तुझ्या मनात होतं, मीच ओढून बाहेर काढलं. उशीर झालाय म्हणून पळत आलो आणि समोर दिसला त्या मांडवात शिरलो. पंगत बसली होती, आपण बसलो. तू बुंदी दोनदा मागून घेतलीस, त्यातली अर्धी परतीच्या वाटेसाठी पदराला बांधलीस. मग नवरीच्या आईला हळदकुंकू लावून तिच्या हाती खण ठेवलास. ती बाई तुझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"कोणाकडल्या म्हणायच्या तुम्ही?"

तू सगळं नातं उलगडून सांगितलंस. ती म्हणाली, "तो नवरदेव पलीकडच्या मांडवातला, बाई."

बाया खुदखुदायला लागल्या. त्यांतली एक ठसठशीत नथवाली म्हणाली, "जेवण झाल्यावर बरं ध्यानात आलं! तिथीला अशा लई फिरत्यात, आज हितं, उद्या तिथं." मांडवभर हशा. तू मात्र पदर नीट केलास आणि म्हणालीस, "चूक झाली, बाई. पण दिलेला खण माघारी घेत नाय. तुमची पोर सुखात राहू द्या." आज लिहितानासुद्धा मला ते किती मोठं वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा माझे कान तापले होते. नथवाली माझ्याकडं वळली. "ही तुझी माय का गं?"

मी म्हणाले, "नाय. आमच्या शेजारच्या हायेत."

आपण खऱ्या मांडवात गेलो, मग गाडीत बसलो. तू मला खिडकी दिलीस, पदराची गाठ सोडून बुंदी दिलीस आणि वाटभर दुसऱ्या बायांशी नवरीच्या दागिन्यांवर बोलत राहिलीस. एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं गं.

लोणारच्या लग्नाची पत्रिका तेव्हा घरात येऊन पडलेली होती. त्या तळ्याचं तुला वेडच लागलं होतं. "पावसाचं गोडं पाणी साचून खारं कसं व्हतंय?" हे तू मला विचारलंस, दादांना विचारलंस, आमच्या गुरुजींना वाटेत अडवून विचारलंस. आणि गाडी दारात आली तेव्हा तू खण शेजारणीच्या हाती दिलास. "माझे गुडघे दुखत्यात, तुम्ही या जाऊन." त्या दिवशी सकाळीच तू विहिरीवरून दोन हंडे आणले होतेस. त्यानंतर दर लग्नाला तेच. गुडघे खरोखर धरले ते कितीतरी वर्षांनी.

आता आमचं ऐक. सूनबाईनं एका सहलवाल्याचं पत्रक आणलं होतं, विमान, हॉटेल, सहा दिवस. आकडा बघून लेक पाठ चोळायला लागला, सूनबाई पत्रकाची घडी घालायला लागली, नात उठून आत गेली. मी म्हणाले, लोणारला जाऊ, मी सगळं ठरवते. सातवीनंतर शाळा सुटली तरी पुड्यांचे कागद वाचून वाचून मी वाचायला पक्की झाले, आता फोनवर एसटीच्या वेळासुद्धा बघते. शनिवार-रविवार टाळून सोमवार धरला, तेव्हा खोल्या स्वस्त पडतात. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली. आणि हे तुला खरं वाटायचं नाही, माय, आता एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे! आम्हा तिघींचं अर्धं, पुरं एकट्या लेकाचं. तो कंडक्टरला म्हणाला, "साहेब, माझ्यावरच का राग?" कंडक्टर म्हणाला, "लुगडं नेसून या, बघू." गाडी हसली. माझ्या पिशव्या बघून सूनबाई म्हणाली, "आई, ही सहल आहे का वऱ्हाड?" मी म्हणाले, "वऱ्हाडच समज."

तिथं उतरल्यावर मी खोलीवाल्याशी घासाघीस केली, चौघांत एकच खोली घेतली, गाद्या आम्हीच टाकून घेतो म्हणाले. नात दहा पावलं लांब उभी राहून फोनमध्ये बघत होती. मला तिचे कान दिसत होते. तसेच कान माझेही तापले होते एकदा, म्हणून रागावले नाही. दुपारी तळ्याच्या काठावर, वरच्या कठड्यापाशी, मी कापड पसरून दशम्या सोडल्या. शेजारी मोटारीतून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्यात नातीच्या वयाची मुलगी. ती कापडाकडं बघत नातीला म्हणाली, "त्या आजी तुमच्याबरोबर आहेत का?"

माझा हात चटणीच्या डब्यातच थांबला.

नात म्हणाली, "आमच्याबरोबर? आम्ही तिच्याबरोबर आहोत. लई चेंगट आहे आमची आजी, पण सगळं तिनंच ठरवलंय. दशमी खाणार का?"

मी तळ्याकडं तोंड करून बसले. सूनबाईनं विचारलं, डोळ्यात काही गेलं का. मी व्हय म्हणाले. मग नात बापाबरोबर खाली पाण्यापर्यंत गेली आणि माझ्यासाठी रुमाल भिजवून घेऊन आली. माय, पाणी खरंच खारं आहे, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. तुझा प्रश्न मी तिथल्या एका माणसाला विचारला. तो म्हणाला, पाणी चहूकडून आत येतं, बाहेर पडायला वाट नाही, उन्हानं आटतं आणि खार मागं उरतो. इतकं साधं होतं बघ, आपल्या गुरुजींना सांगता आलं नाही.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही. घरातही कुणाला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट अजून लिहायची आहे आणि ती फक्त तुझ्यासाठी आहे. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की त्या मांडवात तुझी माझ्याकडं पाठ होती, मी काय बोलले ते तुला नंतर कुणीतरी सांगितलं असणार. तसं नव्हतं. "नाय" म्हणायच्या आधी मी तुझ्याकडं बघितलं होतं, आणि तू माझ्याकडंच बघत होतीस. तरी मी म्हणाले.

तुला लिहिता येत नव्हतं. तिथं कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घे. शिव्या असल्या तरी चालतील. पण लवकर लिही.