निळ्या ‘अ’चं कासव

शिरोडा,
मंगळवार

प्रिय अपेक्षा,

तू पाठवलेली पानं मिळाली. प्रीतमने मासळीच्या टेम्पोतून आणली, त्यामुळे पिशवीला बांगड्यांचा वास लागलाय, पण आतली पानं कोरडी आहेत. काळजी करू नको. पणजीला पाऊस आहे म्हणतात. तू स्कूटर हळू चालव आणि हेल्मेट डोक्यात घाल, हँडलला अडकवून ठेवू नको. आणि वेळेवर जेव. पुस्तक छापायला जायच्या दिवसांत माणूस जेवणखाण विसरतो, असं इथले शाळेचे मास्तर सांगत होते.

तू वर चिठ्ठीत लिहिलंस, ‘आजो, छापायला जायच्या आधी तू वाच, समुद्राचं काही चुकलं असेल तर खूण कर.’ ती चिठ्ठी मी खिशात घालून दोन दिवस किनाऱ्यावर फिरलो. न दाखवता कसा राहणार? विनीत सगळ्यांसमोर म्हणाला, “लवूकाका, चौथीत दोन वर्सां काढलेलो माणूस आता पुस्तक तपासूक लागलो!” सगळे हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, हस रे बाबा, तुझ्या घरात कोणी पुस्तक लिहिलंय का? असं म्हणू नये, पण म्हटलं.

पानं मी बोट ठेवून वाचली, एकेक तीनदा. जोडाक्षरं अडतात, पण तू मुलांसाठी सोपं लिहिलंस म्हणून मलाही जमलं. समुद्रघोड्यात पिल्लं नर सांभाळतो, त्याच्या पोटाच्या पिशवीत ती वाढतात, हे मी मथुराला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मासे कापत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, “बघा. माशाक अक्कल आसा, जितूच्या बापाशीक कधी येतली?” जितूचा बाप म्हणजे मीच. तुझ्या आजीने दिलेली ही पहिली दाद समज. कासवाच्या अंड्यांवर वाळू तापलेली असली की माद्या जास्त होतात आणि गार असली की नर, हे मला तुझ्या पानावरून कळलं. साठ वर्षं मी त्या वाळूवर चालतोय आणि पायाखाली काय ठरतंय ते मला ठाऊक नव्हतं.

कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पानावर मात्र मला थोडा राग आला, खरं सांगतो. काळोखाची कुर्ली भरलेली आणि चांदण्याची पोकळ, हे मीच तुला सांगितलेलं. तू लिहिलंस, ‘मासेमारी करणारे जुने लोक असं सांगतात. हे अजून नीट तपासून पाहायला हवं.’ म्हटलं, आजोबाचा शब्द हिला पुरत नाही? मग रात्रभर विचार केला आणि सकाळी राग गेला. खात्री नाही तिथे तू खात्री नाही म्हणून लिहितेस. कासव इतक्या मोठ्या समुद्रातून आपला किनारा कसा शोधतं, त्या पानाच्या शेवटीही तू लिहिलंस की शास्त्रज्ञांना थोडं कळलंय, सगळं नाही. एवढी शिकलेली मुलगी छापील पानावर ‘मला ठाऊक नाही’ म्हणते, हे पाहून माझा ऊर भरून आला. आमच्याकडे ज्याला काही ठाऊक नसतं तोच सगळ्यात मोठ्याने सांगतो. त्यात मीही आलो.

आता एकतिसाव्या पानाचं बोलतो. त्याच पानासाठी तीन दिवस मला झोप नाही. तू लिहिलंस की तू सात वर्षांची असताना शिमग्याला गावी आलीस, तेव्हा आमच्या रापणीत कासव सापडलं. ते खरं आहे. जाळ्यात कासव आलं की आपल्याकडे त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि परत पाण्यात सोडतात. तुझ्या आजीने हळदकुंकू लावलं. तू विचारलंस, ही परत येईल तेव्हा आपल्याला कळणार कसं? म्हणून होडीचा उरलेला निळा रंग आणून मी पाठीवर ‘अ’ काढला, अपेक्षाचा अ. तेही खरं. तुझ्या पुस्तकात आता वाचलं की कासवाला रंग लावू नये, त्याच्या अंगावर विजेरीचा झोतसुद्धा टाकू नये. तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

पुढे तू लिहिलंस की दुसऱ्या वर्षी शिमग्याला तीच कासवीण परत आली, निळ्या ‘अ’सकट, आणि त्या सकाळी तू ठरवलंस की मोठी होऊन समुद्राचाच अभ्यास करायचा.

अपेक्षा, तो ‘अ’ मी त्याच सकाळी काढला होता.

तुला आठवत असेल, त्या वर्षी तू रडतच आलीस. मुंबईच्या शाळेत तू कासवाची गोष्ट सांगितलीस आणि मुलं तुला थापाडी म्हणाली. तू पाच दिवस पहाटे उठून वाळूत बसलीस. मला विचारायचीस, आजो, ती खंय असतली? मी म्हणायचो, येतली गो, वाटेत आसा. पाचव्या दिवशी दुपारची तुमची मुंबईची गाडी होती. त्या दिवशी मी तुझ्याआधी उठलो. उजाडत होतं. सुरूच्या झाडांखाली एक कासवीण खड्डा करून अंडी घालत बसली होती. पाठ कोरी. मी धावत घरी आलो, रंगाचा डबा घेतला. तुझ्या आजीने विचारलं, सकाळी सकाळी होडी रंगवणार काय? मी सांगितलं तेव्हा ती पदर खोचून माझ्याबरोबर आली. अंडी घालताना कासवीण कुठे हलत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. मी घाईघाईने अक्षर गिरवत होतो आणि मथुरा घराकडे बघत कुजबुजत होती, “तुमी काय गणपती रंगवतास? बेगीन करा, चेडू उठतला!” मग तिनेच तुला उचलून आणलं. तू हात लावायला धावलीस आणि मी ओरडलो, ‘हात लावू नको, ती आता आई होतेय!’ तू ते वाक्य पुस्तकात घातलंस, आजोबांनी मला प्राण्यांचा मान राखायला शिकवलं म्हणून. बाय, रंग ओला होता. माझा अंगठा निळा झालेला, तो मी गमछ्यात लपवून उभा होतो.

तू एवढी हसलीस की सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग तू मोठी होत गेलीस, बक्षिसं मिळवलीस, शिष्यवृत्ती घेतलीस, आणि प्रत्येक वेळी कोणी विचारलं की तू कासवाची गोष्ट सांगायचीस. ती गोष्ट जितकी चांगली होत गेली तितकं माझं तोंड बंद होत गेलं. मला भीती वाटायची की खालचा दगड काढला तर वरचं सगळं पडेल. पण तुझी पानं वाचल्यावर कळलं की तसं काही नाही. त्या एका सकाळनंतरचा अभ्यास तू स्वतः केलास. तो कोणी रात्रीतून रंगवून ठेवलेला नाही.

आणखी एक. तू हे पुस्तक आधी शिरोड्यापासून देवबागेपर्यंतच्या शाळांत वाटणार आहेस. इथलं कुठलंही पोर एकतिसावं पान वाचेल आणि विचारेल, होडीचा रंग एका पावसात उडतो, दर वर्षी बाप नवा लावतो, मग कासवाच्या पाठीवर वर्षभर कसा राहिला? तू किनाऱ्यावर वाढली नाहीस म्हणून तुला सुचलं नसेल. किंवा सुचलं असेल आणि माझ्यासाठी गप्प बसली असशील. ते मी विचारत नाही. पण हा प्रश्न विचारणारं पोर खरं असेल आणि तुझं पुस्तक खोटं ठरेल, हे मला सोसणार नाही.

फोनवर हे बोलता येईना. दोनदा लावला आणि पावसाचं विचारून ठेवला. म्हणून ही चिठ्ठी. उद्या सकाळी प्रीतम मासळी घेऊन पणजीला येतोय, त्याच्या हाती देतो. पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार म्हणालीस, म्हणजे मधे दोन दिवस आहेत. आजोबाची लाज राखायची म्हणून ते पान काढून टाकू नको. दुरुस्त कर. रंग कोणी लावला ते लिही, माझं पूर्ण नाव घालून. आणि हेही लिही की पहिल्या कासविणीचा ‘अ’ गणपतीपर्यंत धुऊन गेला असणार, म्हणजे कोऱ्या पाठीची जी दुसरी आली ती कदाचित तीच असेल. मला सांगता येत नाही, कारण मी रंग लावायच्या घाईत होतो, तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. मुलांना सांग, आधी पाहावं. विनीत हसेल, सगळा किनारा हसेल. मला हसू देत. तुझ्या पुस्तकाला कोणी हसता कामा नये.

तुझाच,
आजो
(लवू)