शंका असेल त्यानं हात वर करावा

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलोय. ओवे गावच्या शाळेत तुम्ही "समजलं का?" विचारलंत की आम्ही एका सुरात "हो बाई" म्हणायचो. तुम्हाला त्या 'हो'चा भयंकर राग. एकदा खडू टेबलावर आपटून तुम्ही म्हणालात, "ज्याला समजलं नाही त्यानंच हात वर करा." कुणी करेना. मी केला. पोरं फिदीफिदी हसली. तुम्ही माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसलात, स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी काढलीत, तिचे चार तुकडे केलेत आणि अपूर्णांकातला पाव म्हणजे काय ते दाखवलंत. मग ते चारही तुकडे मलाच खायला दिलेत. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "नाय समजलं तं नाय म्हनावं. लाज कसली त्यात?" तेव्हापासून हात वर करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तिथंच घात झाला.

माझी मुलगी पनवेलच्या एका खासगी इंग्रजी शाळेत शिकते. मी कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात नोकरीला. गेल्या वर्षी शाळेनं पालकसभा बोलावली. पडद्यावर वाढीव फी दाखवून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एनी डाउट्स? शंका असेल त्यांनी हात वर करा." मी पहिल्याच रांगेत, त्यात तुमचा विद्यार्थी. हात सगळ्यांआधी वर गेला. मला बघून मागच्यांनीही धीर केला. कुणीतरी फोटो काढला. मग मॅडमनी घड्याळ पाहिलं, "वेळ संपली, ऑफिसात येऊन भेटा" म्हणाल्या, आणि सामोसे आले.

आम्ही पालक फीवाढीविरुद्ध कोर्टात गेलो. तोवर जुनीच फी भरायची ठरवली, तर शाळेनं आमच्या मुलांना वर्गातून उठवून लायब्ररीत बसवलं. सुनावणीत शाळेच्या वकिलांनी तोच फोटो पुढे केला. म्हणे पालकांनी हात वर करून फीवाढ मंजूर केली. सगळ्यांत पुढे मी, हात ताठ, वर हसरा चेहरा. आमच्या वकिलांनी ते हात शंकेचे होते म्हणून सांगितलं. समोरचा म्हणाला, "शंकेचा हात फोटोत वेगळा दिसतो का?" बाहेर टपरीवर चहा घेताना आमच्यातलाच एक पालक मला म्हणाला, "राग मानू नका, पण तुमचं शाळेशी आतून काही सेटिंग नाही ना? पहिला हात तुमचाच आहे, म्हणून विचारतो." बाकीचे आपापल्या ग्लासात बघत राहिले. शाळेनं फसवलं ते कळतं मला. पण हे सगळे माझ्या पाठोपाठ हात वर केलेले लोक होते, बाई.

निकाल लागेपर्यंत मुलांना वर्गात बसू द्या, एवढं कोर्टानं सांगितलंय. मुलगी वर्गात परतली, पण ती लायब्ररीत होती तेवढ्यात अपूर्णांक शिकवून झाले. काल जेवताना म्हणाली, "बाबा, टीचर डाउट्स विचारतात. मला काहीच कळत नाहीये. हात वर करू?"

मी म्हणालो, "नको. सगळ्यांसमोर तर मुळीच नको."

हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून कुठेही न जाणाऱ्या पत्रात सांगतोय.  तेव्हा माझ्या ताटात भाकरी होती, तांदळाचीच. चार तुकडे करून पोरीला तिथल्या तिथे दाखवता आलं असतं. ते सुचेपर्यंत मी ती खाऊन संपवली होती.