दिवा लागला, असं दिगू म्हणाला

रवि. ५ जाने. २००३

सकाळी नेहमीची हजेरी घेतली. शालन, गुडघा कसा आहे? "आहे तिथेच आहे." सूनबाई, सर्दी? "बरी आहे बाबा, आवाज तेवढा बसलाय." मिलिंद, पाठ? त्याने कॉम्प्युटरमधून मान न काढता अंगठा दाखवला, म्हणजे ठीक. माझी तब्येत विचारावी लागत नाही. दिवाळीत येरवड्याच्या पुलावर चक्कर येऊन गाडीसकट आडवा झालो, तेव्हापासून माझी तब्येत मलाच सगळे सांगतात.

शेवटी पार्किंगमध्ये जाऊन गाडीची चौकशी. तिचंच बरं नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी जवळपासच्या फेऱ्यांना हो म्हटलं, आणि नेमकी आता ही रुसली. स्टार्टर छान फिरतो, इंजिन पकडत नाही.

मिलिंदची नोकरीतली पहिली खरेदी ही. बसकी, लांब हँडलची, आरामखुर्चीत बसून रस्ता बघावा अशी क्रूझर. त्याने कार घेतली, ही माझ्याकडे आली. संक्रांतीला वाघोलीला ताईकडे तिळगूळ घेऊन जायचं, मी नि दिगू. दरवर्षीचं आहे. त्याआधी हिला उभं करायला हवं.

दु. दिगू आला. कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं आम्ही शेजारच्या बाकांवर काढली. गाडीचं काम दोघांनाही कोणी शिकवलं नाही. जुनी पुस्तकं वाचली, हात काळे केले. आमचा रिवाज असा: एकट्याने गाडी उघडायची नाही. एकाने हात घालायचा, दुसऱ्याने बघायचं. हात घालणारा जे सांगेल ते बघणाऱ्याने मानायचं, नाहीतर दोन म्हातारे वादच घालत बसतील.

इंजिनाला लागतं काय, तर पेट्रोल, हवा नि ठिणगी. कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल केला, पेट्रोल येतंय. एअर फिल्टर झटकला, स्वच्छ. प्लग काढून इंजिनाला टेकवला, स्टार्टर मारला. ठिणगी नाही. नवा प्लग. तरी नाही.

दिगू म्हणाला, "बाई हट्टाला पेटल्यात."

सोम. ६

बॅटरी. टोकांवर पांढरी बुरशी होती, गरम पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावलं. व्होल्ट पुरेसे. हॉर्न असा वाजला की वरच्या मजल्यावरून देशपांडेबाई डोकावल्या. "सुरू झाली का?" नाही, फक्त बोलायला लागलीये.

हँडलवरचं लाल बटण (इंजिन बंद करायचं) उघडून पुसलं. साइडस्टँडचा स्विच पाहिला. ठीक.

बुध. ८

आज टाकी उचलून कॉइल. मला वजन उचलायची मनाई, म्हणून दिगू पलीकडून, मी अलीकडे स्टुलावर. कॉइल म्हणजे गाडीची फोडणी, तिथेच तडतड नसेल तर पुढे काय शिजणार. आधी बघायचं की बॅटरीचा करंट कॉइलपर्यंत पोचतो का. साधा टेस्ट लॅम्प, एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या तारेला.

दिगू वाकला. "लागला बघ दिवा."

मला टाकीआडून दिसत नव्हतं. म्हटलं, नीट लागतोय ना? मिणमिणता नाही? "चांगला लख्ख लागलाय रे."

करंट येतोय आणि ठिणगी नाही, म्हणजे कॉइल गेली. मिलिंद म्हणाला, "बाबा, मी आणतो. ऑफिसमधून येताना नाना पेठेत जातो." पोरगा स्वतःहून वेळ काढतोय म्हणून बरं वाटलं. रात्री शालनला तसं बोललोही. ती "हं" म्हणाली.

शुक्र. १०

नवी कॉइल बसवली. नाही.

उरला इग्निशनचा डबा, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा. दिगू म्हणे, "ते आपलं काम नाही, बंद डबा असतो. उन्हाळ्यात बघू की, पळून चाललीये का?" शालन चहा घेऊन खाली आली (गुडघा दुखत असताना) नि म्हणाली, "रिक्षाने जाऊ या ताईंकडे. मीही येते." सूनबाईने रोजच्यासारखं विचारलं, "बाबा, काही सापडलं का?"

दिगू उद्या सांगलीला बहिणीकडे. यंदा संक्रांतीला नाही. कारण विचारलं नाही.

मंगळ. १४. संक्रांत

रिक्षाने वाघोली. सगळा रस्ता खोदलाय, नवे बंगले, नवी कॉलेजं. ताई दारातच म्हणाली, "तुझी फटफटी कुठे? नि तुझा तो दिग्या?" म्हटलं, फटफटी आजारी, दिग्या सांगलीला. शालन लगेच ताईच्या पेरूच्या झाडाविषयी बोलायला लागली.

रिक्षात बसलेला माणूस म्हणजे पिशवीसारखाच. कोणीतरी नेतं.

गुरु. १६

आज रिवाज मोडला. बुधवार पेठेतून मल्टिमीटर आणला होता, तो डबा आपणच तपासू म्हटलं. सगळे बाहेर. टाकी एकट्याने उचलली, हळूहळू, काही झालं नाही मला. मोजणी पहिल्यापासून करावी म्हणून परत कॉइलच्या तारेला टेस्ट लॅम्प लावला.

लागला नाही.

वाटलं बल्ब गेला. बॅटरीला लावला. लख्ख.

मग तारेवर बोट ठेवून मागे मागे गेलो. टाकीखाली टेप गुंडाळलेली, टेप नवी. सोडली. तार कापलेली. उंदराने नाही, घासून नाही. दोन्ही टोकं सारखी कापून, प्रत्येकावर काळी नळी चढवून, गरम करून आवळून, मागे दुमडून मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. तो दोरा नि ती दुहेरी गाठ कारखान्यात एकच माणूस बांधायचा.

शॉर्ट होऊ नये, पाणी शिरू नये, पुढे जोडताना तार पुरावी, सगळ्याचा विचार केलेला. बिघाड करायला बसला तरी घाण काम करवलं नाही त्याच्याने. तिथेच पकडला गेला. नुसती तोडून सोडली असती तर मी उंदराला शिव्या दिल्या असत्या.

तार तशीच ठेवून टाकी परत बसवली.

शुक्र. १७

शालनला विचारलं. भांडी पुसत होती, पुसत राहिली.

"हो. मीच सांगितलं दिगूभावोजींना. ते नाही म्हणत होते."

मला का नाही सांगितलं?

"सांगितलं नव्हतं? दिवाळीपासून रोज सांगतेय, नका चालवू. तुम्ही ऐकता का? पुलावरून मला फोन आला होता, तुम्हाला नाही."

मी पुसलेली भांडी फळीवर लावत गेलो.

संध्याकाळी मिलिंद. "बाबा, तुमच्याच काळजीने..." म्हटलं, ते कळलं. कॉइल कशाला आणलीस? "तुम्हाला संशय येऊ नये म्हणून." इतकं सरळ बोलला की रागावताही येईना. सूनबाई आत जाऊन रडली. रोज संध्याकाळी काय सापडलं म्हणून विचारायची, ते तिला कोणी सांगितलं होतं की तिचं तिने, विचारलं नाही.

म्हणजे घरात नि घराबाहेर सगळ्यांना ठाऊक होतं. एकटा मीच प्लग घासत होतो.

रवि. १९

सांगलीला फोन. बहीण म्हणाली देवळात गेलाय. दु. परत. म्हणाली झोपलाय. मागे त्याच्या खोकल्याचा आवाज. मी ओळखतो तो.

घरच्यांचं समजतं मला. शालन घाबरली, घाबरलेल्या माणसाचं काय धरायचं. पण दिगू

सोम. २०

पत्र लिहिलं. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवतो.

'दिगू, तार सापडली. काम नेहमीसारखं सुबक आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. शालनने गळ घातली, तू नाही म्हणत होतास, तेही कळलं. तार कापलीस त्याचा राग एका दिवसात उतरला. मला कोणी थांबवायला हवं होतं, असंही असेल. पण ते तोंडावर सांगायचं होतंस, दोन शिव्या घालून. तेवढा हक्क तुला होता.

दिव्याचं मात्र जात नाही. मी विचारलं नीट लागतोय ना, आणि तू लख्ख म्हणालास. मिणमिणता म्हणाला असतास तरी मी काहीतरी शोधत राहिलो असतो. आजवर तू जे जे बघून सांगितलंस ते मी मानलं, गाडीचंच नाही. आता एकेक आठवून बघतो नि मग थांबतो, कारण त्याला अंत नाही.

तार तशीच आहे. जोडायला मला पाच मिनिटं पुरतील. जोडलेली नाही. ती मी जोडावी, तू येऊन जोडावीस की तशीच राहू द्यावी, माझं मला ठरत नाहीये.

एवढंच सांग. लख्ख म्हणताना तू दिव्याकडे बघत होतास की माझ्याकडे? मला आठवत नाही आणि तेच डोक्यातून जात नाही.

फोन नको, फोन शालन उचलते. कार्ड टाकलंस तरी चालेल, पण लवकर टाक.'