चौथ्या तारेचा गंधार

विशू, डोळ्यांपुढे आण. तुझी आई तुझ्याएवढी आहे. मांडीवर आपली हीच गिटार, ओझरच्या एका साहेबांनी टाकून दिलेल्या सिगारच्या पेटीची, तीन तारांची. वरच्या गंधारापर्यंत तिचा हात पोचत नाही. त्या मुलीचं पुढे सांगतो, आधी कामाचं.

मी आईकडे दवाखान्यात निघालोय. चपला घालून दोनदा परत आत आलो. दूध तापवलंय. शेजारच्या चांगुणामावशी जेवायला बोलावतील, आढेवेढे घेऊ नकोस.

गिटारला चौथी तार लावलीय. पहिल्या तीन तशाच, सा, प, सा. बोटंही जुन्याच जागी. चौथी वरच्या गंधारावर आहे. गंधार आला की हात न सरकवता ती मोकळी छेड, एरवी तिला शिवू नकोस. तुझाही हात तिथवर पोचत नाही, म्हणून तुझ्यासाठी तो सूर आजवर आई गायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिला बोलायचीही बंदी आहे. संध्याकाळी तुला न्यायला येतो. तिच्यासमोर तुमचं ते गाणं पूर्ण वाजव.

आता ती मुलगी. मी म्हणालो, “यशू, हात लांब होईपर्यंत थांब.”

“तोवर गाणं अर्धंच ठेवू का, बाबा?” म्हणाली, आणि तीन तारा छेडून उरलेला गंधार तिने खुशाल गाऊन टाकला.

आजोबा